सर्कशीची नाल

लासुर्ण्याच्या रावजी लोहारांसमोर खोटं बोलून बैल विकणं अवघड. विकणारा काय सांगतो इकडं ते लक्षच देत नाहीत. सरळ खाली वाकतात, बैलाचा पाय दुमडून धरतात, अंगठ्यानं खुरावरची माती पुसतात आणि सांगून मोकळे होतात. "जुवाला उजवीकडं चालल्याला हाय ह्यो. डांबरावर दोन हंगाम काढल्यात. मागचा डावा पाय कवातरी मुरगाळल्याला, तवापासनं जपून टाकतोय." मग विकणारा उगाच घसा खाकरतो आणि घेणारा गालात हसतो. चाळीस वर्षं हे असंच चाललंय.

रावजी तात्यांचा धंदा बैलाला पत्री आणि घोड्याला नाल मारण्याचा. गळीत हंगाम सुरू झाला, ऊसतोडीच्या गाड्या डांबरावर धावायला लागल्या, की बैलांचे खुर झिजतात आणि सकाळी सकाळी तात्यांच्या दारातल्या कडुलिंबाखाली रांग लागते. आता ट्रॅक्टर वाढले, रांग आखूड झाली. तात्यांचा रुबाब मात्र तसूभरही कमी झाला नाही. वय सहासष्ट, मिशा पांढऱ्याशुभ्र, आवाज खणखणीत आणि जगातल्या कुठल्याही विषयावर मत तयार. "जनावर तोंडानं बोलत न्हाय, खुरानं बोलतं," हे त्यांचं लाडकं वाक्य. ते त्यांनी इतक्या वेळा ऐकवलंय की त्यांच्या पत्नी मुक्ताबाई पहिल्या दोन शब्दांनाच हात जोडतात. "कळलं. खुरानं बोलतं. आता च्या प्या, गार होतोय."

हेच वाक्य एके दिवशी त्यांच्याच गळ्यात येऊन पडलं. पण त्यासाठी आधी तीस वर्षं मागं जायला हवं.

तेव्हा बारामतीत चंद्रमुखी सर्कस आली होती. मालक सिद्धू उस्ताद, मिरजेकडचे. तंबू उभा राहून चार दिवस झाले नाहीत तोच त्यांचे दोन घोडे लंगडायला लागले आणि कुणीतरी त्यांना रावजींचं नाव सांगितलं. रावजी तेव्हा छत्तिशीतले, अंगात रग. त्यांनी घोड्यांचे पाय उचलले आणि बघताक्षणी ओळखलं. चारही खुरांची डावी कड झिजून उतरती झाली होती आणि उजवी जशीच्या तशी होती.

"उस्ताद, तुमची घोडी जलमभर डाव्या अंगालाच वळत आल्यात," ते म्हणाले.

उस्ताद हसले. सर्कशीचा घोडा रिंगणात एकाच बाजूनं पळतो हे त्यांना काय नवीन होतं? पाच-सहा वर्षांत असा घोडा लंगडा होतो, मग तो काढून टाकायचा आणि दुसरा आणायचा, ही रीतच होती.

दुसरा लोहार असता तर साधी नाल ठोकून घरी आला असता. रावजी दोन दिवस भात्यापुढून हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक नवीच नाल घडवली. तिची डावी बाजू दुप्पट जाड होती आणि उजवी पातळ. घोडा रिंगणात डावीकडं कलून पळणार, तेव्हा डावी बाजूच झिजणार, पण झिजेल ते लोखंड. खुराला धक्का नाही. दीडेक महिन्यात जाड बाजू झिजून पातळ बाजूच्या बरोबरीला आली की नाल बदलायची, एवढंच काम.

महिनाभरात दोन्ही घोडे रिंगणात परत पळायला लागले. उस्तादांनी रावजींना सगळ्या तंबूदेखत मिठी मारली. तेव्हापासून सर्कस जवळपास कुठंही आली की पहिल्या रांगेतल्या चार खुर्च्या तात्यांच्या घरच्यांसाठी राखून ठेवलेल्या असायच्या. सर्कस लांब गेली की नालांचं पोतं एसटीनं रवाना व्हायचं. उस्तादांच्या शेजारी, हत्तीच्या सोंडेखाली उभं राहून काढलेला फोटो तात्यांनी भात्यावरच्या भिंतीला लावला. तो धुरानं काळा झाला तरी काढला नाही. "म्या नाल बनवली आन पाच वरसं पळणारं घोडं बारा वरसं पळाय लागलं," ही बढाई तात्यांनी आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकवली.

एकदाच मुक्ताबाई मधे बोलल्या होत्या. "पाच वरसात सुटायचं ते बारा वरसं पळतंय म्हंता. मग ह्यात घोड्याचं काय बरं झालं?" तात्यांनी ते कानाआड केलं. बायकांना धंद्यातलं कळत नाही, असा त्यांचा तेव्हा पक्का समज होता. समज कसला, अडाणीपणाच तो.

पुढं सर्कशीतले वाघ-सिंह गेले. मग हत्तीही गेले. टपरीवर चर्चा व्हायची तेव्हा तात्या हमखास सर्कशीच्या बाजूनं उभे राहायचे. शेजारचे बागायतदार विजयसिंह बंदी बरोबर म्हणायचे, तर तात्या त्यांना गप्प करायचे. "तुमी सर्कस तंबूत बसून बघितली. म्या जनावराचा पाय हातात घेऊन बघितलीय. खुर ठणठणीत हाय म्हंजी जनावर ठणठणीत हाय. मला शिकवू नका." विजयसिंह चहाचा घोट घेऊन विषय बदलायचे.

गेल्या डिसेंबरात चंद्रमुखी सर्कस इंदापुरात आली. नाव तेच, पण रया गेलेली. सिद्धू उस्ताद वारले होते आणि कारभार त्यांचा मुलगा अविराज बघत होता. दोरीवरच्या मुली, विदूषक, मोटारसायकलवाले असा बावीस माणसांचा संसार आणि जनावर म्हणाल तर एकच, छकुली नावाची पांढरी घोडी. वय सोळा. चार वर्षांची असताना ती सर्कशीत आली, तेव्हापासून तिच्या पायातली प्रत्येक नाल तात्यांच्या हातची.

अविराज स्वतः गाडी घेऊन न्यायला आला. तात्या मोठ्या ऐटीत गेले. छकुलीनं त्यांना वासावरून ओळखलं आणि त्यांच्या खिशात तोंड घातलं, कारण त्या खिशात गुळाचा खडा असतो हे तिला बारा वर्षं माहीत होतं. तात्यांनी चारही पायांना नाला मारल्या. पुढचा डावा पाय उचलला तेव्हा तिनं कान मागं टाकले आणि अंग चोरलं. तात्यांना ते जाणवलं. पण खुर बघितला तर एकदम शाबूत. "म्हातारपण, दुसरं काय," असं म्हणून त्यांनी तिच्या मानेवर थाप मारली आणि घरी आले.

त्यानंतर सहाएक आठवड्यांनी डॉक्टर बुद्धघोषांचा फोन आला. बुद्धघोष लासुर्ण्याच्याच बुद्धविहारामागच्या घरातला मुलगा. लहानपणी शाळा सुटली की कडुलिंबाखाली बसून तात्यांचं काम बघायचा. आता तो जनावरांचा सरकारी डॉक्टर झाला होता आणि तात्यांना त्याचा घरच्यासारखा अभिमान होता.

"तात्या, एक काम आहे," डॉक्टर म्हणाला. "सर्कशीतली पांढरी घोडी रिंगणात लंगडत पळतीय, असा व्हिडिओ कुणीतरी पाठवलाय. घोडा खेळात वापरायचा तर नोंदणी लागते, ती यांच्याकडं नाही. त्यात लंगडं जनावर पळवायचं म्हणजे गुन्हाच. पण मालक म्हणतो, व्हिडिओ जुना आहे. दोन महिने झाले, घोडी रिंगणात उतरलीच नाही. पोरांच्या फोटोसाठी नुसती दारात उभी असते. उद्या तंबू उठतोय. आज पंचनाम्यात काय ते लिहिलं नाही, तर घोडी त्यांच्याबरोबर जाईल."

"मग माझं काय काम?"

"पंच म्हणून या. मालकसुद्धा म्हणतोय, रावजी तात्या जे सांगतील ते मान्य."

तात्यांची छाती फुगली. दोन्ही बाजूंना आपलाच शब्द पाहिजे, याहून मोठा मान कुठला? त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि विजयसिंहांना म्हणाले, "गाडी काढा. इंदापुरात माझ्याबिगर पान हलंना."

ते पोचले तेव्हा दुपार झाली होती. तंबूची कापडं उतरत होती. छकुली एका खांबाला बांधलेली होती आणि तिच्याभोवती डॉक्टर, दोन पोलीस आणि सर्कशीतली माणसं उभी होती. अविराज पुढं आला, तात्यांच्या पाया पडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"तात्या, तुम्हीच आम्हाला शिकवलंय. रिंगणात पळणाऱ्या घोड्याची डावी कड झिजते. खरं ना?"

"व्हय."

"आणि जनावर खुरानं बोलतं. खरं ना?"

"व्हय."

"मग बघा. काय बोलतंय ते सांगा."

तात्या वाकले. पुढचा डावा पाय उचलला, अंगठ्यानं माती पुसली. नाल दोन्ही बाजूंनी सारखी होती, पट्टीनं आखल्यासारखी. खालचा खुर शाबूत. उजवा पाय बघितला, मागचे दोन्ही बघितले. सगळं सारखं.

"समान आहे, तात्या," डॉक्टर हळूच म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मीपण सकाळी बघितलं. गुडघा दुखरा आहे, पण तो म्हातारपणानंही दुखतो. एका बाजूनं झीज नाही, असंच लिहावं लागेल मग."

तात्यांनी पुढचा डावा पाय परत उचलला. त्यांच्या हातात ती नाल होती आणि ती सारखी का आहे हे तिथं जमलेल्यांत दोनच माणसांना ठाऊक होतं. एक ते स्वतः आणि दुसरा त्यांच्यासमोर हात बांधून उभा असलेला अविराज. सहा आठवड्यांपूर्वी त्यांनी ठोकली तेव्हा ह्या नालेची डावी बाजू उजवीच्या दुप्पट होती. घोडी नुसती दारात उभी राहिली असती तर ती आजही दुप्पट असती.

त्यांनी हात वर सरकवला. गुडघा कढत होता, टम्म सुजलेला. अंगठा किंचित दाबला तर छकुली थरथरली आणि तिनं पाय ओढून घेतला. तेव्हा तात्यांना कळलं, आणि कळलं तसं ते मातीतच खाली बसले. झीज थांबवली असं ते तीस वर्षं सांगत आले होते. झीज थांबली नव्हतीच. खुराला जागा दिली नाही म्हणून ती गपचूप वर, गुडघ्यात जाऊन बसली होती. साधी नाल असती तर ही घोडी केव्हाच लंगडली असती आणि केव्हाच सुटली असती. 'मग ह्यात घोड्याचं काय बरं झालं?' मुक्ताबाईंचा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांनी नीट ऐकू आला. लाज वाटली त्यांना. पन्नास माणसांसमोर कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकी वाटली नसती.

लाज वाटली तरी उठून उभं राहायला त्यांना वेळ लागला नाही. एवढं मात्र त्यांचं मानलं पाहिजे.

"अविराज, माझ्या नालांचं पोतं कुठं हाय?"

अविराजच्या तोंडावरचं हसू गेलं. "कशाला तात्या?"

"आण म्हंतो न्हवं."

पोतं कुणी आणेना, तेव्हा तात्या स्वतः सामानाच्या ट्रकपाशी गेले आणि उरलेल्या नालांतली एक कोरी नाल घेऊन आले. मग छकुलीच्या पायातली नाल खिळे उपटून काढली. दोन्ही नाला डॉक्टरच्या हातावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"ही कोरी. डावी बाजू बघ, किती जाड हाय. आन ही तिची जुळी भन, सहा आठवड्यांमागं म्या ह्याच हातानं ठोकल्याली. सांग, हिची डावी बाजू कुठं गेली?"

डॉक्टरनं दोन्ही नाला उलटसुलट करून बघितल्या. त्याला समजायला वेळ लागला नाही. "रिंगणात गेली," तो म्हणाला.

"लिही मग. ही नाल रावजी लोहारानं बनवली. सर्कशीच्या घोड्याची झीज दिसू नये अशी बनवली."

"तात्या, तुम्ही काय झीज लपवायला बनवली नव्हती. हे असं लिहायलाच पाहिजे का?"

"कशापायी बनवली ते मला इचारू नगंस. लपली का न्हाय? मग लिही. आन माझं नाव पयलं लिही."

अविराज मात्र भडकला होता, आणि त्याचंही अगदीच चूक नव्हतं. "माझ्या बापानं तुम्हाला पहिल्या रांगेत बसवलं, तात्या! त्याचे हे पांग फेडता? बावीस माणसं जेवतात ह्या तंबूवर. लोक विचारतात, जनावर आहे का? नाही म्हटलं तर पोरांना घेऊन परत फिरतात."

"बसवलं पयल्या रांगेत," तात्या म्हणाले. "आन मीबी बसलो, तिच्या डोक्यावरचा तुरा बघत. जलमभर जनावराचं पाय बघणारा माणूस मी, तितं बसल्यावर वर बघाय लागलो. ती चूक माझीच. तुज्या माणसांचा खेळ दाव की. त्या दोरीवरच्या पोरीला उद्या न्हाय म्हणावंसं वाटलं तर ती न्हाय म्हणंल, खुशाल घरला जाईल."

"जनावर पण नाही म्हणतं. अडतं, लाथा मारतं. ही कधी अडली का?"

"अडत व्हती, बाबा. खुरानं न्हाय म्हणत व्हती." तात्या छकुलीकडं वळले. "म्या तिचं तोंड बंद केलं."

पंचनामा झाला. तात्यांनी सही केली, आणि निकाल लागेपर्यंत घोडी कुणाच्या ताब्यात द्यायची असा प्रश्न आला तेव्हा विचारायच्या आत सांगून टाकलं. "माझ्या दारात. दुसरीकडं कुठं जाईल ती?"

छकुली लासुर्ण्याला आली. डॉक्टरनं गुडघ्याला औषध दिलं आणि चारही पाय नालेविना मोकळे ठेवायला सांगितलं. आठवड्यानं सूज उतरली तसं तात्यांनी तिला ऊस तुटून गेलेल्या शेजारच्या रिकाम्या रानात सोडलं. दोन एकर मोकळं रान होतं. छकुली चार पावलं चालली, डावीकडं वळली आणि तंबूतल्या रिंगणाएवढंच रिंगण धरून फिरायला लागली. एक फेरा, दोन फेरे, दहा फेरे. कुणी चाबूक वाजवत नव्हतं, बँड नव्हता. मुक्ताबाईंनी पदर तोंडाला लावला. तात्या रानात शिरले, तिच्या गळ्यात हात घातला आणि तिला उभी केली.

"घाण्याच्या बैलाचं डोळं तरी बांधत्यात," ते म्हणाले. "हिला उघड्या डोळ्यांनी फिरवली."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तात्या छकुलीला घेऊन कालव्याच्या भरावावर जायला लागले. कालव्याकडेची वाट लांबपर्यंत सरळ जाते. घोडी डावीकडं ओढायची, म्हणून तात्या तिच्या डाव्या अंगाला चालायचे आणि वळायला लागली की खांद्यानं रेटायचे. सहासष्ट वर्षांचा माणूस आणि सोळा वर्षांची घोडी, दोघंही दमून परत यायचे. गावाला चेष्टेला विषयच मिळाला. दुधाची किटली घेऊन जाणारी पोरं ओरडायची, "तात्या, कोण कुणाला शिकवतंय?"

"ती मला," तात्या चालता चालता ओरडायचे. रुबाब तसाच होता, नुसता बाजू बदलून उभा राहिला होता.

टपरीवर विजयसिंहांनी मागची सगळी उट्टी काढली. "आता बंदीच्या बाजूनं बोलता, तात्या. मग बैलाला पत्री मारणं का बंद करत न्हाय? बैल काय हौसेनं गाडी वढतो?"

टपरीवरचे सगळे कान देऊन बसले. तात्यांनी कप खाली ठेवला.

"हौसेनं न्हाय वढत. त्येच्यावर जादा वझं घालणाऱ्याला म्या कालच दारातनं हाकललाय. पर बैल फडातनं कारखान्यावर जातो, वझं उतरतं, बैल माघारी येतो. त्येच्या खुरावर वाट दिसती. छकुलीच्या खुरावर काय दिसायला पायजे व्हतं? बारा वरसं पळून ती कुठंच पोचली न्हाय, आन ते कशासाठी, तर आपुन टाळ्या वाजवाव्यात म्हणून. ज्या दिवशी बैलाचा खुर मला तसं कायतरी सांगंल, त्या दिवशी हातोडा खाली ठेवीन. आन ह्या बारीला नालेनं झाकणार न्हाय."

विजयसिंहांनी त्या दिवशी चहा पाजला.

भात्यावरच्या भिंतीवरचा हत्तीचा फोटो तात्यांनी काढला नाही. मुक्ताबाईंना वाटलं होतं, काढतील. पण तात्यांनी त्याच्याच खाली एक खिळा ठोकला आणि त्याला एक कोरी सर्कशीची नाल अडकवली, डावी बाजू दुप्पट जाड असलेली. आता कुणी फोटोबद्दल विचारलं की ते आधी नालेबद्दल सांगतात, सगळं, काही न गाळता.

निकाल लागला, घोडी कायमची तात्यांकडं राहिली. सहा महिने झाले. एका सकाळी कालव्यावरून परत आल्यावर तात्यांनी नेहमीसारखा छकुलीचा पुढचा डावा पाय उचलला आणि अंगठ्यानं माती पुसली. मग उजवा बघितला. मग मागचे दोन्ही. मुक्ताबाई चहा घेऊन बाहेर आल्या तर तात्या पाय हातात धरून तसेच वाकलेले.

"काय बोलतंय खुर?" त्यांनी चेष्टेनं विचारलं.

तात्यांनी मान वर केली. "तूच बघ. तुला माझ्याआधी कळतं."

मुक्ताबाईंनी कप ओट्यावर ठेवला, खाली वाकल्या आणि खुराच्या एका कडेवरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्या कडेवरून.

"दोन्हीकडं सारखाच झिजलाय," त्या म्हणाल्या.

"व्हय," तात्या म्हणाले आणि छकुलीचा पाय अलगद जमिनीवर टेकवला. "आन आता मधी माझं लोखंड न्हाय."